लाल क्रेट कोणाचे

तुमी काही म्हणा, बारावीत मले वर्गाबाहेर काढलं ते बरंच झालं.

अमरावतीच्या क्लासमधे सरनं लिहिलं, साइन तीसही अर्धा, साइन दीडशेही अर्धा. पण साइन इन्व्हर्स अर्धा, म्हणजे अर्ध्यावरून उलटा कोन शोधला, तर फक्त तीस.

मी विचारलं, "दीडशे काहून नाही?"

सर म्हणे, "नियम आहे, उत्तर नव्वदच्या पलीकडे जात नाही. पाठ कर."

"पाठ नाही करत. कारण सांगा."

"मग बाहेर उभी राहा."

राहिली. अन् तिथं आमचे भातकुलीचे भाजीचे क्रेट आठवले. गावात लाल क्रेट दोघांचे, आमचे अन् नाल्यापलीकडच्या काकाचे. मंडीतून रिकामे परत आले की गाडीवाल्याले कळेना, कोणाच्या दारात टाकू. शेवटी ठरलं, गाडी नाला ओलांडणारच नाही. लाल दिसला की आमच्या दारात, काका तिथून नेतील. आमचं दार तीस, काकाचं दीडशे, मधातला नाला नव्वद; नव्वदच्या पलीकडे न जाणं म्हणजे हेच.

आत जाऊन सरले सांगितलं. सर म्हणे, "हा क्लास आहे, मंडी नाही."

दुसऱ्या दिवशी लवकर गेली, तर सर आधीच्या बॅचले लाल क्रेटच शिकवून राहिले होते.

मी दारातूनच म्हटलं, "सर, क्रेट कोणाचे तेही सांगा."