सीलबंद गिऱ्हा

सरका जरा जवळ, आणि ऐका. गोष्ट आमच्या तातू मेस्त्रीची. खोटी वाटली तर खुशाल उठून घरी जा. काळोखात एकट्यानंच जावं लागेल, एवढं मात्र सांगून ठेवतो.

तातूच्या आजोबांच्या जमिनीत, खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला लागून, एक झरा आहे. भर मे महिन्यातसुद्धा आटत नाही. आजवर सगळं गाव फुकट प्यायलं. पण तातूनं ठरवलं, हे पाणी विकायचं. वीस लिटरचे जार आणले, बुचाला सील करायचं यंत्र आणलं, लेबलं छापली. लेबलावर स्वतःचा हसरा फोटो! बायको म्हणाली, या तोंडाकडे बघून कुणाला तहान लागणार?

पहिलंच गिऱ्हाईक भाई सावंत. त्यांच्या मुलीचं लग्न. वरपक्ष शहरातला, सीलबंद पाणी नसेल तर आम्ही पंगतीला बसणार नाही, असं त्यांनी कळवलेलं. सकाळी बारा जार मांडवात हवेत. भाईंनी तातूला बजावलं, पाव्हणे उठून गेले तर माझी पोर तुझ्या नावानं रडेल.

आता बघा. आमच्याकडे दिवेलागण झाली की त्या झऱ्यात कुणी घागर बुडवत नाही. तेव्हा गिऱ्हा पाण्यात असतो. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. पाय धरतो, वाट चुकवतो. पण तातूचा अख्खा दिवस लेबलं चिकटवण्यात गेला होता ना! त्यानं कंदिलाच्या उजेडात बारा जार भरले, सील केले, टेम्पोत चढवले आणि निघाला. एकटाच.

निघाला, तर टेम्पो जड. चढण नाही, काही नाही, आणि टेम्पो म्हाताऱ्या रेड्यासारखा धापा टाकतोय. पहिलं वळण घेतलं, समोर झरा. पुन्हा निघाला. काजूची बाग गेली, ओढ्यावरचा साकव गेला, समोर झरा. तिसऱ्यांदा निघाला. समोर काय? झराच. इंजिन आपोआप बंद पडलं.

आणि मागून आवाज आला. जाड, ओला.

"मला बाहेर काढ."

 तातूनं मागं वळून विचारलं, "कुठल्या जारात आहेस?"

"मला काय ठाऊक? जिकडे बघावं तिकडे तुझाच फोटो."

झाली पंचाईत! सगळी सीलं फोडावीत तर लग्नात गोंधळ. न फोडावीत तर गिऱ्हा थेट पंगतीत. मग तातूनं काय केलं ठाऊक आहे? फणस पिकला का बघतो ना आपण, तसा एकेक जार टिचक्या मारून बघितला. आठ जार गप्प. नवव्यातून कण्हल्याचा आवाज आला.

तो जार झऱ्याशी नेला, सील तोडलं, ओतला. ओततोय तोच थंडगार हातानं त्याचा घोटा धरला.

"झरा कुणाचा?"

"माझा. सातबाऱ्यावर नाव आहे."

"तो सातबारा आण आणि पाण्यात बुडव. बघू नाव राहतं का."

तातू गुडघ्यावर आला. काळोखात पुन्हा कधी भरणार नाही, म्हणून शपथ घेतली. पकड जरा ढिली झाली मात्र, तो एक चप्पल तिथंच टाकून पळाला. टेम्पो पहिल्या झटक्यात सुरू!

सकाळी अकरा जार मांडवात. एक कमी म्हणून भाई कुरकुरले, पण लग्न लागलं, पंगत बसली. वरमाई पेलाभर पाणी प्यायली. तिनं पेला खाली ठेवला. आणि तातूकडे वळून जाड, ओल्या आवाजात म्हणाली,

"घाईत माझा एक पाय दुसऱ्या जारात राहिला. पोचवून दे."

भाई पांढरेफटक. तातूनं वरमाईला उचलून टेम्पोत बसवलं, भर दुपारी झऱ्यावर नेलं, तिचे पाय पाण्यात सोडले. तेव्हा कुठं तिचा आवाज परत आला. परतल्यावर तिनं जिलेबी मागितली, आणि भाईंच्या जिवात जीव आला.

तेव्हा पोरांनो, दिवेलागणीनंतर खालच्या व्हाळाच्या वाटेला फिरकू नका. तातू स्वतः फिरकत नाही. परवाच वरमाईचा निरोप आलाय, नातवाच्या बारशाला तेच पाणी हवंय. पण भरताना ती स्वतः येऊन उन्हात उभी राहणार आहे.