कॅपिटलमधली नावं

मी जुन्या फाईलची कॉपी बाजूला ठेवल्याशिवाय कशालाच हात लावत नाही म्हणून तुम्ही हसता, तर ऐका.

नव्वदच्या दशकात मी जळगावला केळीवाल्यांच्या एका सोसायटीत कम्प्युटरवर होतो. सभासदांची यादी इंग्रजीत होती. बरीच नावं नीट, मधूनमधून काही सगळीच कॅपिटलमध्ये. मला वाटलं, यादी टाइप करणाऱ्या नानांचा गचाळपणा. नाना तेव्हा रिटायर होऊन धुळ्याला गेले होते. मी पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नवीनच शिकलो होतो. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली: पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. जुन्या यादीवरच नवी चढवली, जुनी पुसली गेली, आणि तिच्यावरून वार्षिक सभेची निमंत्रणं पाठवली.

आठवड्याने पारोळ्याहून एक अक्का निमंत्रण घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हाई पत्र आमना मालकना नावनं शे. त्यास्ले जाईसन वरीस व्हयनं."

त्या गेल्यावर शिपाई म्हणाला, "साहेब, सभासद वारला की नाना त्याचं नाव कॅपिटल करायचे. यादीतून काढवत नव्हतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन धुळ्याला गेलो. नानांच्या सुनेने दार उघडलं. म्हणाली, "नाना गेले. महिना झाला."

तेही सभासदच होते. हार घातलेल्या फोटोखाली माझं निमंत्रण ठेवलेलं होतं.

परत येऊन दोन नावं हाताने कॅपिटल केली. बाकी कोण कोण गेलं, ते सांगणारा माणूसच गेला होता.