रुख्मा, दोन नग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ सदस्य माननीय मनिरामजी. आमचे प्राचार्य उदाराम सर. व्यासपीठावर खुर्चीच्या अगदी कडेला, आता उठू की मग उठू अशा बेताने बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपल्या कृषी विद्यालयाचे ट्रॅक्टरचालक बकारामजी. अर्जुनी मोरगाव आणि आसपासच्या गावांतून आलेली शेतकरी मंडळी. माझे सहकारी, विद्यार्थी, विद्यार्थिनी. आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या एक पाहुण्या, ज्यांच्याकडे मी मुद्दाम शेवटी वळणार आहे. आपणा सर्वांना शामकलाचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मला दिसतंय. पण सर, मी कामठ्याची. आमच्याकडे पाहुण्याला निरोप देताना फाटकापर्यंत जातात, आणि खरं बोलणं फाटकाशीच सुरू होतं. तेव्हा थोडं इकडे-तिकडे चालवून घ्या.

अकरा वर्षांपूर्वी मी इथे यंत्रे आणि अवजारे शिकवायला आले. पहिल्याच दिवशी शेडमध्ये एक बुटका ट्रॅक्टर दिसला. पेरूच्या ओळींमधून फिरावा म्हणून चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आणलेला. रंग कोणे एके काळी लाल असावा. बाजूला मोठा नवा ट्रॅक्टर दिमाखात उभा, आणि बकारामजी मात्र त्या बुटक्यापाशी उकिडवे बसून त्याच्या मागच्या चाकात चक्क पाणी भरत होते!

मी पुस्तकी बाई. पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. विचारलं, "टायरमध्ये हवा भरतात ना हो?" ते म्हणाले, "हवा बी हाय जी. पाऊण चाक पाणी, वरती हवा. धान कापून झाला का बांधीतली माती दगडावानी होते. हलकं चाक जागीच फिरून राहते."

मग काय, मला प्रश्न पडायची खोड, आणि त्यांना कमी बोलायची. दर हिवाळ्याला मी विचारत गेले. जानेवारीत उन्हाळी धानासाठी चिखलणी सुरू झाली की तेच पाणी परत काढता, ते का? तर वजनदार ट्रॅक्टर चिखलात रुततो म्हणून. थंडीच्या सकाळी सुरू करायच्या आधी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतता, ते का? "तुमी सकाळी थंड्या पाण्यानं आंघोळ करता का, मॅडम?" एअर क्लीनर आठवड्यातून दोनदा का धुता? तर मळणीचा कोंडा त्याच्या नाकात जातो. पाटे, बोल्ट, सगळ्यांना ते नाक, कान, गुडघा असंच म्हणतात. या बुटक्यावर निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढण्याचा, कागद तीनदा आला आणि तीनदा परत गेला, तो या आंघोळीमुळे आणि या नाक धुण्यामुळे.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी अकरा वर्षं दिलं नाही.

नांगर जोडला की बुटक्याचं तोंड वर उचलतं. म्हणून पुढे सिमेंटची दोन वजनं बोल्टने आवळतात. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून केलेली, चाळीस-चाळीस किलोची. आणि त्यांना बकारामजी म्हणतात रुख्मा. "आज जमीन कडक हाय, दोनी रुख्मा लाव रे!" सकाळी आठ वाजता शेडमधून ही हाक आली की समजावं, हिवाळा लागला. आमच्या एका विद्यार्थ्याने तर परीक्षेत लिहिलं होतं, 'ट्रॅक्टरच्या पुढील भागास लावण्याच्या वजनास रुख्मा असे म्हणतात.' मी अर्धा गुण दिला. आज वाटतं, पूर्ण द्यायला हवा होता.

नऊ वर्षांपूर्वी साठ्याची पडताळणी करायला एक साहेब आले होते. आमच्या भांडारपाल चंद्रकुमारजींनी भांडाराच्या नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलेलं, 'रुख्मा, दोन नग.' साहेबांनी सगळी शेड धुंडाळली. पाने मोजले, पहारी मोजल्या. दमले, खाली बसले आणि शेरा लिहिला, 'रुख्मा ही वस्तू प्रत्यक्ष आढळून आली नाही. खुलासा करावा.' आणि बसले होते कशावर? रुख्मावरच!

आम्ही हसून लोटपोट झालो. एकटे बकारामजी हसले नाहीत. मी विचारलं, "हे नाव कुठून आलं हो?" म्हणाले, "वजनाचं नाव हाय जी." आणि फडकं घेऊन निघून गेले.

आता मागच्या महिन्याची गोष्ट सांगते. ओमेश, तू मान खाली घालू नको, तुझी परवानगी घेतली आहे मी. ओमेश आमचा नवा चालक. हात चांगला आहे, फक्त घाई फार. त्या दिवशी बकारामजी बाहेरगावी गेले होते. नांगराने तोंड उचललं. रुख्मा आणायला शेडपर्यंत जावं लागलं असतं. ओमेशने एका विद्यार्थ्याला सांगितलं, "जाय, पुढं बस." आपल्याकडे यात कोणालाच काही वाटत नाही. बांधीत पाटा फिरवताना वजन म्हणून आपण माणूसच तर उभा करतो. तेवढ्यात बकारामजी परत आले. साठीचा माणूस बांध्या तुडवत धावला. ट्रॅक्टर बंद केला, किल्ली काढली आणि खिशात टाकली. ती किल्ली आज दुपारपर्यंत त्यांच्या खिशात होती. ओमेश मला विचारत होता, "मॅडम, एवढे काऊन चिडले जी?" मलाही कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की निवृत्तीच्या आनंदापेक्षा या माणसाला एका गोष्टीची धास्ती आहे. आपण गेल्यावर त्या जागेवर पुन्हा कोणीतरी बसेल.

उत्तर शेवटी कुठे सापडलं? पेन्शनच्या कागदात. आठ दिवसांपूर्वी मी त्यांचा अर्ज तपासत होते. पत्नीचे नाव: रुख्मा.

अकरा वर्षं! आम्ही सगळे त्यांच्या बायकोला, मुलाच्या नावाने, 'रोशनची माय' म्हणूनच ओळखत होतो. आपल्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे बकारामजी बायकोचं नाव घेत नाहीत. आणि त्या इथे कधी आल्या नाहीत. स्नेहसंमेलनाला नाहीत, झेंडावंदनाला नाहीत.

मी तशीच त्यांच्या घरी गेले, निमंत्रणाच्या निमित्ताने. सुपात तांदूळ घेऊन त्या दारात आल्या. डावा पाय ओढत. मी म्हटलं ना, मला प्रश्न पडायची खोड. पण त्या दिवशी मला प्रश्न विचारवेना. त्यांनी स्वतःच सांगितलं.

"एकतीस वर्षं झाली, मॅडम. मी तुमच्याच शाळेत रोजीनं जाये. बांधी कडक होती, पुढची चाकं वर उठून राहिली होती. हे म्हणाले, जाय, पुढं बस. मी बसली. एका खोडाले नांगर अटकला. तोंड उठलं, मी खाली, अन् चाक पायावर."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"राग कायले येईल जी? वजन पाहिजे होतं, अन् मी होती."

सभागृहातल्या सगळ्यांनी हे वाक्य घरी घेऊन जावं, असं मला वाटतं. मी तर अजून खाली ठेवू शकलेली नाही.

पुढे त्या म्हणाल्या, "दवाखान्यात नेलं, सहा महिने यायनंच आपल्या हातानं भात रांधला. पण त्या गोष्टीवर एक शब्द नाही. नंतर म्हणाले, तिकडं येऊ नको. मी समजली, हे विसरून गेले."

मग मी त्यांना शेडमधल्या दोन नगांविषयी सांगितलं. त्या किती तरी वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं नाव घेतात? तोंडानं?" मी म्हटलं, "ओरडून घेतात, बाई!" "घरात त 'अवं'च्या पुढं गेले नाही कधी." आणि थोड्या वेळाने, "कितीची हाय ते?" "चाळीस किलोची." "तवा मी धानाच्या काट्यावर अडतीस भरली होती. दोन किलो काऊन वाढवले?" हा प्रश्न मी बकारामजींपर्यंत पोचवला. उत्तर आलं, "डब्बा तेवढाच होता जी."

आज दुपारी, हा मांडव सजत असताना, त्या एकतीस वर्षांनी इथे आल्या. म्हणाल्या, आधी शेड दाखवा. मी होते, ओमेश होता, आणि बकारामजी सत्काराचा नवा सदरा घालून बुटक्याला ग्रीस देत होते. त्या सरळ सिमेंटच्या डब्यापाशी गेल्या, हात ठेवला. म्हणाल्या, "मले वाटे, तुमी विसरून गेले."

बकारामजी फडक्याने हात पुसत राहिले, पुसून झालेले हातसुद्धा. मग त्यांचं लक्ष खाली गेलं, आणि ते म्हणाले, "तिथं वंगण सांडलं हाय. पाय संभाळ, रुख्मा."

एवढंच. मी आणि ओमेश दोघंही दुसरीकडे बघायला लागलो. मग ओमेशने कोणी न सांगता पाना उचलला, दोन्ही वजनं जागेवर चढवली, बोल्ट आवळले. बकारामजींनी एकेक बोल्ट हलवून पाहिला. आणि खिशातली किल्ली काढून रुख्मावर ठेवली. ओमेशने ती तिथून उचलली.

सर, घड्याळ मी पाहिलं. संपवते. बकारामजींना आम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं. पण अकरा वर्षं त्यांनी माझे प्रश्न सोसले, त्याची परतफेड नाही. बोलण्याच्या भरात घरातली गोष्ट चारचौघांत उघडी केली. त्याबद्दल दोघांचीही क्षमा मागते. अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि थंडीत एवढा वेळ बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार. काही कमी-जास्त बोलले असेन तर आपल्या कामठ्याच्या लेकीचं म्हणून पोटात घाला.

फक्त एक सरकारी काम राहिलंय. अध्यक्ष महोदय, नऊ वर्षांपूर्वीच्या शेऱ्याचा खुलासा आम्ही अजून दिलेला नाही. तो आज देते, इतिवृत्तात घ्यावा. रुख्मा प्रत्यक्ष आढळून आल्या. दुसरी रांग, डावीकडून तिसरी खुर्ची.

रुख्माबाई, जरा उभ्या राहता?

नाही, नाही. तुम्ही बसा. उभे आम्ही राहतो.