अकरा उत्तरं, दुरुस्ती शून्य

(मरीन परेडमधला फ्लॅट, शनिवार सकाळ. क्षिप्रा लॅपटॉपसमोर, तिचे वडील प्रबोध शेजारी उभे.)

प्रबोध : अगं, एक दिवस. एकच दिवस मागतोय.

क्षिप्रा : बाबा, मुदत काल संध्याकाळी सहाला संपली. सॉफ्टवेअरमध्ये नवीन काही घ्यायचं ते त्याच्या आत. आता फक्त चुका काढायच्या आणि महिन्याभरात आवृत्ती बाहेर.

प्रबोध : मुदत ठरवली कोणी? तूच ना?

क्षिप्रा : मीच. म्हणून तर मला मोडता येत नाही. मुकुलचं काम दोन तास उशिरा आलं, ते परत पाठवलं. आता वडिलांचं घेऊ? जगभरची माणसं फुकट राबतात इथे, शेण घालतील तोंडात.

प्रबोध : माझा लॉगबुकचा प्रोग्रॅम वेळेत आला होता! सोमवारी!

क्षिप्रा : आणि सोमवारीच तो तपासताना वंजिरूने चूक दाखवली. नोंद लिहिताना वीज गेली तर नोंदच पुसली जाते. दोन तासांचं काम. तुम्ही काय केलंत? अकरा उत्तरं लिहिलीत. दुरुस्ती शून्य.

प्रबोध : नैरोबीत बसून जहाज पाहिलंय का तिने कधी? मला इंजिनरूम शिकवते!

क्षिप्रा : हेच लिहिलंयत तिला. वाचलं मी. सगळ्यांनीच वाचलं.

प्रबोध : माझ्या जुन्या दोस्ताचं, मनोहरचं जहाज पुढच्या महिन्यात इथे गोदीत येतंय. तेव्हा जी आवृत्ती मिळेल तीच जहाजावर पुढची अडीच वर्षं चालणार. समुद्रात नेट नसलं की त्याची माणसं कागदावर लिहितात आणि बंदरात आल्यावर टाइप करत बसतात. माझं लॉगबुक नेटशिवाय चालतं, ते देतो म्हणून शब्द दिलाय मी त्याला.

क्षिप्रा : मग तो सोमवारी आठवायचा होता!

प्रबोध : ओरडू नकोस.

क्षिप्रा : मग काय करू? मला आवडतंय का हे? मला हवं होतं तुमचं नाव काम करणाऱ्यांच्या यादीत. गुरुवारी जेवताना आठवणसुद्धा केली. तुम्ही म्हणालात, आधी तिला पटवतो.

प्रबोध : तिचं बरोबर होतं.

क्षिप्रा : आत्ता कळलं?

प्रबोध : सोमवारीच. वाचल्या वाचल्या. जहाजावर वीज गेली की काय होतं ते मला नाही माहीत, तर कोणाला?

क्षिप्रा : मग तेवढं लिहायचं ना तिला! एक ओळ, बाबा!

प्रबोध : वीस वर्षं चीफ इंजिनियर होतो गं. तशी ओळ कधी कुणाला लिहिलीच नाही.