धाननाचातला हात

सन्माननीय अध्यक्ष दीनानाथराव, मंचावरील पाहुणे मंडळी, निवृत्त होऊन पुण्याला निघालेले आपले सांस्कृतिक सचिव प्रबोधराव, नीतावहिनी, आणि कान माझ्याकडे व नाक जेवणाकडे लावून बसलेले रसिकहो!

प्रबोधरावांना अर्धवट काम खपत नाही. गेल्या दिवाळीत मंडळाने नेपाळचा धाननाच बसवला. दुसरा कुणी असता तर रंगीत टोप्या घालून चार गिरक्यांत भागवलं असतं. पण हे बँकेतले! "अस्सल हवं," म्हणाले आणि इथे परदेशात, आंग मो किओ भागातल्या आपल्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या सुजन लिंबूला शिकवायला धरून आणलं.

सुजन म्हणाला, "आमच्या डोंगरात भाताची मळणी आली की पोरंपोरी हात धरून गात नाचतात. पण आधी एकमेकांचं कूळ विचारतात. नात्यातल्याचा हात धरायचा नाही. ज्याच्याशी लग्न जमू शकतं, त्याचाच धरायचा." म्हणजे खळ्यावरचा वधूवर मेळावाच की हो! आणि आपण काय केलं होतं? प्रबोधरावांच्या वल्लरीला तिच्या चुलतभावाशेजारी, रुचिरशेजारी उभं केलं होतं!

प्रबोधराव कडाडले, "नियम म्हणजे नियम!" भर तालमीत स्वतः उठले आणि लेकीचा हात सुजनच्या हातात दिला. वल्लरीने विचारलंही, "बाबा, शुअर ऑर नॉट?" हे म्हणाले, "घट्ट धर!"

मुलगी आज्ञाधारक. तिने घट्टच धरला.

आता वल्लरी आणि सुजनचं लग्न पुढच्या रविवारी आहे आणि प्रबोधरावांचं विमान आदल्याच दिवशी, शनिवारी. योगायोग हो, दुसरं काय! म्हणतात, "नेपाळी जावई आपल्यात कसा चालेल?" अहो, मंचावर चालला, तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मांडवात आला की परका? दुसऱ्याची संस्कृती आपल्याला फार आवडते, फक्त ती जेवायला घरी येता कामा नये. राग येतो मला या गोष्टीचा, म्हणून बोलतेय.

नीतावहिनींनी तर आपलं तिकीट कालच पुढे ढकललं. अरेच्चा, प्रबोधराव, तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं का त्यांनी? क्षमा करा, वहिनी.

प्रबोधराव, इतकी वर्षं आमच्यासाठी राबलात, त्याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे. या अनघाची जीभ जरा घसरली असेल, तर शालीबरोबर तेही पदरात घ्या. आणि जाता जाता एवढंच. धाननाचात बापाला लेकीचा हात धरता येत नाही. कन्यादानात तो धरावाच लागतो.

नियम म्हणजे नियम.