हसलं की हात ढिला पडतो

—आखडू नका हो आक्का, हात ढिला सोडा. काचेची बांगडी हाय, पोलिसाची बेडी न्हाय. हां, हसलात ना? बघा, गेली का न्हाय गाठीवरून? मुरुमच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या लई हायत, साबण लावतात, दाबून दाबून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आणतात. ही जमिलाबी हसवती. माणूस हसलं की हात ढिला पडतो, बांगडी आपली आपण चढती. आन् वाढली तर नुकसान माझं — न्हाय न्हाय, 'फुटली' म्हणू नका, सवाशिणीच्या हातातली बांगडी वाढती, फुटत न्हाय. पण माझ्या हातनं आजवर एक वाढली न्हाय, विचारा कुणालाबी.

काय म्हणता, नकला? व्हय, आजच हायत, दिवस कलला की. त्या जुन्या जिनिंगच्या शेडात, दर बाजाराला. ढोलकी न्हाय, नाच न्हाय — नुसता एक माणूस कापसाच्या गठ्ठ्यावर उभा राहून बोलतो आन् गाव पोट धरून लोळतं. बशीर नकल्या म्हणतात त्याला. माझाच नवरा. निजामाच्या वक्ताच्या कारकुनाची नकल ऐकाल तर — राज्य बदललं, साहेब बदलला, ह्याची मान अजून लवायलीय, कचेरीत शिरला की आधी रिकाम्या खुर्चीला सलाम! मग एक दिवस खुर्चीच दुरुस्तीला गेली, तर हा सुताराच्या दुकानात जाऊन करून आला. हसलात? द्या, हिरवीबी चढली. मी? मी कशाला जाईन, बायामाणसं शेडात जात न्हाईत. मी आपली मागं पत्र्याला टेकून — म्हंजी, शेळीला पाला आणायला जाती तिकडं.

बरं, तुमी परगावच्या, तुमच्याजवळ बोलायला काय हरकत? ती खुर्ची म्या सांगितली त्याला. सगळ्याच नकला म्याच सांगती. गल्लीतल्या बाया हितं हात देऊन बसतात, हात अडकला की तोंड सुटतं — मी ऐकती, भाकऱ्या थापताना करून दाखवती, तो गठ्ठ्यावर जाऊन करतो. गडी चांगला हाय, वाईट न्हाय, पण त्याला दम न्हाय. आमच्या गल्लीतल्या दगडाबाईची नकल घ्या. कोपरापर्यंत हात भरून घेतला, उजेडाला धरला, हिकडून बघितला, तिकडून बघितला, एक उसासा टाकला — आता हितं थांबायचं आक्का, लई थांबायचं, लोकांचा जीव टांगणीला लागला पायजे — आन् मग म्हणायचं, 'काढ आता, माप बघायचं व्हतं निस्तं!'

अहो हळू, हात हलतोय!

तर गेल्या बाजारी ह्यानं हात भरला, उजेडाला धरला, उसासा टाकला — आन् पुढचं विसरला. तोंड उघडं, आवाज न्हाय. म्या मागनं पत्र्याच्या फटीला तोंड लावलं. राहवलंच न्हाय बघा, म्याच म्हणलं, 'काढ आता, माप बघायचं व्हतं निस्तं!' या अल्ला, शेडाचा पत्रा उडाला असता एवढं हसले! लोकांना वाटलं, ह्याच्याच गळ्यातनं बाईचा आवाज आला. हा खुळा तवापासून हाटेलात सांगत फिरायलाय, 'माझ्या गळ्यात एक बाई बसलीय.' बसलीय! चुलीला बसलीय, धूर खात!

आन् आता घ्या, सोलापूरच्या कुठल्या नाटक कंपनीच्या मालकाच्या कानावर गेलंय. आज येणार हाय म्हणं, दोन आवाजांचा माणूस बघायला. कसा असंल सांगू? पोट आधी शेडात येणार, मालक मागनं, तोंडात पानाचा तोबरा, 'हूं… हूं… हसव बघू मला!' सकाळपासून आमचा माणूस माझ्या हातापाया पडायलाय, एवढ्या येळी पत्र्यामागं उभी राहा. म्या अजून व्हय म्हणलं न्हाय. का म्हणू? उद्या त्याला सोलापूरला नेतील, तितं मोठं दगडी थेटर — पत्रा कोण नेणार संगं? आन् पत्रा न्हाय तर मी कुठं?

द्या, आता ही शेवटची… पाय जरा आवरा, तबकाला लागंल. हे घोट्याला घट्टे कशाचे, आक्का? घुंगराचे? म्हंजी नाचता तुमी? नाचत व्हता? आन् आता… आता ती सोलापूरची कंपनी तुमची… मालक न्हाय, मालकीण?

वाढली. वाढली की वो! लागलं न्हाय ना? राहू द्या, नुकसान माझं. एवढे हात धरले, ह्योच मेला ओळखता आला न्हाय! आक्का, हात जोडती, त्याला फशिवणारा म्हणू नका, त्याच्या पोटात कपट न्हाय, नुसती हौस हाय. तुमी फक्त… काय? तो नको? कोण पायजे?

मी? गठ्ठ्यावर? समोर? काय बोलता, गाव दगडं मारंल. न्हाय मारणार? तुमी पुढं बसणार?

खरं सांगू का, इतकी वर्सं हसू ऐकलं, पण पत्र्याच्या पलीकडनं. माझ्या नकलेला हसणारं तोंड आज पहिल्यांदा बघितलं, तुमचं. लई बरं वाटलं हो. रडायलेय कुठं, धूर गेलाय डोळ्यात. हितं चूल न्हाय? मग धूळ असंल, बाजार हाय!

सोडा, माझा हात कशाला धरताय? जावा तुमी आता, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं. आन् जाताजाता शेडात सांगा, पत्र्यामागं एक पोतं आंथरा म्हणावं.

माझ्यासाठी न्हाय. आमच्या माणसाला बसायला.