भार्गवबुवांचा जप

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपलं दुखणं हलकं व्हावं म्हणून, जो जीव अजून जन्मालाच आला नाही त्याच्याकडून काही घ्यावं का? पाप की पुण्य? घाई नको! अहो मागचे काका, मान हलवलीत, ती उत्तर म्हणून की डुलकी म्हणून? असो. ऐका!

आमचे भार्गवबुवा पखवाजी. तीस वर्षं माझ्या कीर्तनाला त्यांचीच साथ! त्यांची एक रीत — वाजवण्याआधी पखवाजाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि पुटपुटायचं, "माय, तुझं कातडं, माझा हात." कातडं कुणाचं? बकरीचं!

चार वर्षांपूर्वी काय झालं — बुवांचा हात मांडीवर असला, की अंगठा बोटावर फिरत राहायचा. सारखा! मी काय समजलो? जप! माळेविना जप! भर कीर्तनात सांगितलं, "मंडळी, याला म्हणतात अखंड नामस्मरण!" माणसं उठून बुवांच्या पाया पडली. बुवा नुसते खाली बघत राहिले.

तो जप नव्हता हो. कंपवात होता! डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात, तो. मेंदूतल्या काही पेशी मरत जातात आणि हात आपलं ऐकेनासा होतो. आणि मी शहाणा! एकदा तरी विचारलं का, "बुवा, हाताला काय झालंय?" नाही! आजही लाज वाटते.

गोळ्यांनी काही दिवस बरे गेले, मग पखवाज सुटला. बुवांची लेक शरयू त्यांना शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक प्रयोग चालू आहे. स्टेम सेलपासून, म्हणजे मूळपेशींपासून, नव्या पेशी वाढवून मेंदूत सोडायच्या."

"मूळपेशी आणता कुठून?" बुवांनी विचारलं.

"मूल होण्यासाठी जोडपी उपचार घेतात ना, तेव्हा प्रयोगशाळेत गर्भ तयार करतात. पाच-सहा दिवसांचे, टाचणीच्या टोकाहून लहान. त्यातले काही उरतात. तशा एकापासून."

मी ताडकन म्हणालो, "बुवा, नको! पाप आहे!" बघा, पुन्हा तेच! मला विचारलं होतं कुणी?

बुवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, त्या आईबापांना विचारलं होतं?"

"हो. लेखी. नको म्हणायची मोकळीक होती. त्यांनी दिला नसता, तर तो टाकूनच द्यावा लागला असता."

"मी बरा होईन?"

"माहीत नाही. धोकाही आहे."

शरयू रडवेली झाली. "बाबा, दुसरा एक दवाखाना खात्री देतोय!"

"मग तिथं नको," बुवा म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "महाराज, जन्मभर कातड्यावर वाजवलं. बकरीला कुणी विचारलं होतं? इथं निदान विचारलंय. तरी मन खातंय. खाऊ दे! बाई, त्या जोडप्याचं नाव सांगा, नमस्कार करून येतो."

"नाव गुप्त असतं, बुवा."

 बुवांनी संमतीच्या कागदाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि कापऱ्या हातानं सही केली.

दीड वर्ष झालं. बरे झाले का? कंप थोडा उतरलाय. पेशींमुळे की गोळ्यांमुळे, बाई अजून छातीठोक सांगत नाहीत. पखवाज आता शरयू वाजवते — ही काय, माझ्या मागे! शेजारी बसलेत ते बुवा. आता पखवाजाला हात लावताना ते एक वाक्य जास्त म्हणतात — "आणि ज्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांनाही नमस्कार."

मग, घ्यावं का? मी म्हणेन, विचारून घ्यावं, नमून घ्यावं, आणि मनाला थोडं बोचू द्यावं. तुमचं मत वेगळं असेल, असू दे. पण आज घरी गेलात, की बघा. कुणाचा तरी हात मांडीवर असाच फिरत असेल. लगेच पाया पडू नका माझ्यासारखे! जवळ बसा. विचारा.

शरयू, थांब जरा. बुवांना आधी हात लावू दे. मंडळी, टाळी नको. त्यांचा हात पोचायला वेळ लागतो.